मंडळ 'अ'चे सभासद कोण?

पक्षपाताच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवून बघावं! कॅरम खेळताना सोंगटीला चुकून बाही लागली तर मी स्वतःच डाव सोडतो. सख्ख्या भावाचं आणि शेजाऱ्याचं गाडी लावण्यावरून वाजलं, तेव्हा मी शेजाऱ्याच्या बाजूने उभा राहिलो. भाऊ अजून फोनवर 'हं' आणि 'ठेवतो' एवढंच बोलतो. त्यामुळे आमच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी मला विचारलं, की तीन मंडळांपैकी एकालाच खोली द्यायची आहे आणि त्यातलं एक तुमच्या बायकोचं आहे, तर निवाडा तुम्हाला जमेल का, तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून म्हणालो, "काळजी सोडा, बाई. माझ्याकडे पद्धत आहे."

वाचकहो, 'माझ्याकडे पद्धत आहे' असं म्हणणारा माणूस भेटला तर रस्ता बदला.

आमचा कारखाना वजनकाट्यांचा. दुकानात वाणसामान मोजायचे असतात ते काटे. मी तिथे मूल्यमापन विभागात आहे. म्हणजे मूल्यमापन विभाग मीच आहे. कारखान्याच्या ऐन मध्यावर मला काचेची एक प्रशस्त केबिन दिलेली आहे. तिला सगळे 'फिश टँक' म्हणतात आणि मी तोंड उघडून जांभई दिली की बाहेर हसतात.

मंडळांचं म्हणाल तर ती कुणी स्थापन केली नाहीत. एकाच तऱ्हेचं काम करणारी माणसं डबा खाता खाता आपापल्या युक्त्या एकमेकांना सांगू लागली आणि बघता बघता त्याची मंडळं झाली. त्यांना ना अध्यक्ष, ना वर्गणी. पॅकिंगवाल्यांचं मंडळ मामांचं. मामा कुणाचे मामा आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, पण त्यांनी बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आतला काटा शाबूत राहतो. हिशेबवाल्यांचं मंडळ टाचणीबाईंचं. त्या कागदाला टाचणी लावतात तशीच माणसालाही लावतात. आणि तिसरं मंडळ दुरुस्तीवाल्यांचं. ते माझ्या बायकोचं.

ही तिन्ही मंडळं मागच्या एकाच खोलीत आळीपाळीने भरायची आणि रोज भांडणं व्हायची. मामांच्या थर्मोकोलच्या गोळ्या उडून बायकोच्या उघड्या काट्यांत शिरायच्या. बायकोच्या टेबलावरचं ग्रीस टाचणीबाईंच्या कागदांना लागायचं. शेवटी मालकीणबाई कंटाळल्या. खोली एकाला, बाकीच्या दोघांनी कॅन्टीनमध्ये बसावं, असं त्यांनी ठरवलं.

मामांना आणि टाचणीबाईंना कॅन्टीन चाललं असतं. कुरकुरत का होईना, चाललं असतं. पण बायकोचं तसं नव्हतं. परत आलेले काटे पोट उघडून टेबलावर पसरायचे, त्याच्याभोवती बसायचं, कुणाच्या हाताला काय लागलं ते दाखवायचं आणि अर्धवट राहिलं की तसंच सोडून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करायचं, अशी त्यांची रीत. चहाच्या कपांमध्ये हे कसं व्हायचं? पॅकिंगमधल्या दोन मुली या टेबलावर शिकून दुरुस्तीत पोचल्या होत्या आणि आता कॅन्टीनच्या मावशीही फावल्या वेळात सोल्डरिंग शिकत होत्या. बायको मला एवढंच म्हणाली होती, "खोली गेली की आमचं मंडळ गेलं. पण तुम्ही माझ्याकडे बघून काही करू नका." असं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली.

आता आली का पंचाईत? आपलेच दात आणि आपलेच ओठ! बायकोला खोली दिली असती तर कारखाना म्हणाला असता, घरचं कार्य आहे. नसती दिली तर घरी काय झालं असतं, ते विवाहित वाचकांना सांगायला नको. म्हणून मी नुकत्याच एका प्रशिक्षणात शिकलेली पद्धत बाहेर काढली. फझी निर्णयपद्धत! नाव ऐकून दचकू नका. नेहमीचं गणित माणसाला विचारतं, चांगलं की वाईट? फझी गणित म्हणतं, बाबा रे, तुला जसं वाटतं तसं सांग. 'बरं आहे', 'तसं चांगलंच म्हणायचं', 'ठीक, पण नको तेवढं', काहीही. त्या शब्दाचा एक आकडा करायचा नाही, तीन करायचे: कमीत कमी किती, बहुतेक किती, फार फार तर किती. बायकोला मी हे तासभर समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे अंदाजपंचेच ना?" मी म्हणालो, शास्त्रशुद्ध अंदाजपंचे.

मग मी कारखानाभर फिरलो. मंडळं किती नियमित भरतात, नवख्याला किती सामावून घेतात, शिकलेलं कामात किती उतरतं, एवढंच विचारायचं होतं. पण आमच्या लोकांचे शब्द म्हणजे प्रत्येकाचं वेगळं नाणं! मामा 'बरं' म्हणाले की समजावं, स्वारी बेहद्द खूश आहे. टाचणीबाई 'बरं' म्हणाल्या की समजावं, प्रकरण वरपर्यंत जाणार. रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यालाच 'अप्रतिम' म्हणते, अगदी दाढदुखीलासुद्धा. पण माझी पद्धत हे सगळं रिचवायला समर्थ होती. मी प्रत्येकाच्या 'बरं'ची रुंदी मोजली. फिश टँकमध्ये बसून मी आकडेमोड करत होतो तेव्हा बाहेरून जाणारे आदराने हळू चालत होते. निदान मला तरी तसं वाटत होतं.

आता नीट लक्ष द्या, कारण घोटाळा इथेच झाला. या पद्धतीत नुसती मंडळं एकमेकांशी ताडून चालत नाही. मनातल्या मनात एक आदर्श मंडळ कल्पायचं, ज्याला सगळ्याच बाबतीत पैकीच्या पैकी. आणि एक अगदीच वाया गेलेलं कल्पायचं, ज्याला सगळीकडे भोपळा. मग खरी मंडळं या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतात ते मोजायचं. हे झालं शास्त्र. शिवाय पक्षपात नको म्हणून मी नावांऐवजी अक्षरं घातली होती. आदर्श मंडळाला 'अ', वाया गेलेल्याला 'इ', आणि मधली तीन आमची खरी. सगळं मिळून एका सुंदर रंगीत तक्त्यात!

सभेत तो तक्ता मी भिंतीवर झळकवला. स्पष्टीकरण पुढच्या पानावर होतं. माझं आपलं मत असं, की आधी डोळ्यांना दाखवावं, मग कानांना सांगावं. पण मालकीणबाईंनी पहिलंच पान बघितलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. "मंडळ 'अ'! सगळ्या बाबतीत पूर्ण गुण!" मग त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. टाळ्या झाल्या. मी तोंड उघडलं आणि जेवणाची घंटा झाली. आमच्या कारखान्यात घंटेनंतर बोलणाऱ्याला देव आठवतो.

तुम्ही म्हणाल, मंडळं तीन आणि तक्त्यात पाच, हे बाईंच्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं ना! त्यांनीच मला बाजूला घेऊन ते सांगितलं. पण आधीच्या महिन्यात मीच त्यांना भाषण दिलं होतं, की खरी मंडळं आपोआप उगवतात, मालकांना त्यांचा पत्ताही नसतो. "तुमचं म्हणणं पटलं," बाई भारावून म्हणाल्या. "माझ्याच कारखान्यात असं मंडळ होतं आणि मला माहीत नव्हतं. कोण आहेत हे लोक?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाचकहो, पाठीवरची थाप अजून ऊबदार होती. माझ्या तोंडून गेलं, "ते जरा प्रसिद्धीपासून लांब असतात."

झालं! बाईंना मंडळ 'अ' दुपटीने आवडलं. दुपारी सूचनाफलकावर कागद लागला: मागची खोली मंडळ 'अ'ला, शुक्रवारी समारंभ, सभासदांनी संकोच न करता पुढे यावं. खाली एक ओळ होती, की मंडळ 'इ'ला कुणीही हिणवू नये, त्यांना आपल्या आधाराची गरज आहे. खोलीत नवा पंखा लागला. पेंटर येऊन दारावर भलाथोरला 'अ' रंगवून गेला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. प्रत्येकाला खात्रीच होती की 'अ' आपणच! मामांनी पॅकिंगमध्ये बिस्किटं वाटली. टाचणीबाई टेप घेऊन खोलीत जाऊन कपाटाचं माप घेऊन आल्या. 'इ' कोण यावर मात्र कुजबुज सुरू झाली. बिचाऱ्या गेटवरच्या वॉचमनकडे लोक सहानुभूतीने बघू लागले. एक जण तर त्याचा खांदा दाबून "होईल सगळं ठीक" असं म्हणून गेला. वॉचमन माझ्याकडे येऊन म्हणाला, साहेब, आमचं मंडळच नाही हो, आम्ही कशात बसतो? मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

या सगळ्यात बायको काहीच विचारत नव्हती, आणि तेच मला खात होतं. घरी गेलो तर माझ्या आवडीचा स्वयंपाक. ती ताटात वाढताना म्हणाली, तुम्ही गुप्तता पाळा, मी अक्षर विचारणार नाही, पण माणसाला कळतं हो. दुसऱ्या दिवशी ती सुट्टीच्या वेळात मागच्या खोलीत गेली, भिंत पुसली आणि पक्कड-पाने टांगायला खिळे ठोकले. मावशींसाठी एक ठेंगणं स्टूलसुद्धा आणून ठेवलं. फिश टँकमधून मला ते सगळं दिसत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी हिंमत केली. ती चहा गाळत होती. मी सगळं सांगितलं, आदर्श मंडळापासून वॉचमनपर्यंत. गाळणी हातातच धरून ती ऐकत राहिली.

"म्हणजे जे मंडळ नाहीच, ते पहिलं आलं?"

"हो."

"आणि आम्ही त्याच्या खाली?"

"थोडंसंच खाली," मी म्हणालो. "खऱ्यांमध्ये तुम्हीच वर. पण मामांचं मंडळ इतकं जवळ आहे की फझी भाषेत दोन्ही सारखीच. त्यावर खोली तुम्हाला दिली, तर लोक म्हणतील..."

"लोकांचं राहू दे." ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, माझ्या सगळ्या पद्धती नेऊन भंगारात घालाव्यात. "मी मावशींना सांगून बसले की खोली आपली झाली. कुणाशी हरलो म्हणू? कुणाशीच नाही?"

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण बजावलं, की उद्या सगळ्यांसमोर तुम्हीच खरं सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि माझी सांगायची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. मला ती ठाऊक होती.

शुक्रवारी मागच्या खोलीबाहेर अख्खा कारखाना जमला. बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. फीत कापायला कात्री तयार होती. "मंडळ 'अ'च्या सभासदांनी पुढे यावं," त्या म्हणाल्या, आणि पॅकिंग विभाग एक पाऊल पुढे आला. हिशेब विभागही आला. रिसेप्शनवरची मुलगी कुठल्याच मंडळात नाही, पण तीही आली. एकटा दुरुस्ती विभाग जागेवर उभा राहिला. मामा टाचणीबाईंकडे बघत होते, टाचणीबाई मामांकडे बघत होत्या, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम कात्रीपुरती जागा उरली होती.

मी पुढे झालो. घसा साफ केला. आदर्श मंडळ म्हणजे काय, ते कल्पनेत का लागतं, त्याची तीन-तीन आकड्यांत किंमत कशी काढतात, असं लांबून लांबून येऊ लागलो. शेवटी बायको खोकली, तेव्हा म्हणालो, "थोडक्यात, मंडळ 'अ' नाहीच. ते मी कल्पिलेलं होतं."

मग मामांनी बिस्किटांचा पुडा मागे लपवत विचारलं, की 'इ'सुद्धा कल्पिलेलं का? मी हो म्हणालो. मागून वॉचमनने एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी वळून बघितलं.

माझी नोकरी जाणार हे मी धरूनच चाललो होतो. पण बाई विचारात पडल्या होत्या. त्या वजनकाटेवाल्याच्या घरात वाढलेल्या, त्यांच्या डोक्यात सगळं पारड्यातच पडतं. त्या हळूच म्हणाल्या, की हे तर आपल्याकडच्या प्रमाण वजनासारखंच झालं. नवा काटा तपासायला आपण पितळी वजन वापरतो, पण ते विकत नाही आणि त्याचा सत्कारही करत नाही, कपाटात ठेवतो. चूक एवढीच झाली की आपण वजनालाच फीत कापायला बोलावलं. लोक हसले. मीही हसलो. जरा लवकरच हसलो.

कारण बाईंचं झालं नव्हतं. "पण प्रमाण वजन खरं असतं," त्या म्हणाल्या. "तुमचं 'अ' नाही हे कळलं. 'इ' खरंच नाही ना? जे कुणाशी बसत नाही, कुणाकडून काही शिकत नाही, कुणाला शिकवत नाही, असं एकही मंडळ आपल्याकडे नाही?"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मग हळूहळू, कुणी न सांगता, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. त्या दिशेला काचेची एक प्रशस्त, रिकामी केबिन होती.

"साहेबांचं वाईट नाही हो," मामा घाईघाईने म्हणाले. "एकटेच असतात, करणार काय?" टाचणीबाईंनी भर घातली, की साहेब येतात, मत विचारतात, जातात. काम कसं करता ते कधी विचारलं नाही. कॅन्टीनच्या मावशींनी मला सांभाळून घेत सांगितलं, की पण मोजतात फार मनापासून. "एवढ्या प्रेमाने कुणी कुणाला भोपळा दिलेला मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या.

बाईंनी मला विचारलं, तुम्ही कधी काटा उघडून बघितलाय का? मी म्हणालो, बाहेरून बघितलाय. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. आणि वाचकहो, जिच्यावर अन्याय नको म्हणून मी एवढं रामायण घडवलं होतं, ती माझी अर्धांगी म्हणाली, "आमच्यात नवीन माणसाला जागा असते, बाई. पण शिकवायला टेबल लागतं."

निवाडा तिथेच झाला! मूल्यमापन विभागाने म्हणजे मी इथून पुढे दुरुस्ती मंडळाच्या टेबलावर बसायचं, आधी काम शिकायचं, मग मापं काढायची. मला शिकवायचं म्हणून मागची खोली कायमची दुरुस्ती मंडळाला. राहिली माझी केबिन. ती रिकामीच झाली, तेव्हा अर्धी मामांना आणि अर्धी टाचणीबाईंना. मध्ये पडदा. तिन्ही मंडळांना जागा मिळाली! इतके दिवस कारखान्यात सगळ्यांना पुरेल एवढी जागा होती, आणि तिच्या मधोमध मी बसलो होतो. ही गोष्ट माझ्या कुठल्याच तक्त्यात आली नव्हती.

बायकोने फीत कापली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मला केबिनचं दुःख करायला सुचलंच नाही. मावशी त्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या. मला त्यांच्या शेजारचं खोकं मिळालं. मामांनीच बांधलेलं, त्यामुळे मजबूत होतं.

तेव्हापासून मी रोज तिथे बसतो. परत आलेल्या काट्यातून झुरळं काढणे हे पहिलं काम, त्यात मी आता कुणाला हार जात नाही. पारड्याखाली साचलेली साखर खरवडणे, यातही बऱ्यापैकी. परवा मी एक अख्खा काटा स्वतः जोडला. त्यावर किलोचं वजन ठेवलं तर तो कुठल्याही आकड्यावर थांबायलाच तयार होईना. मावशींनी मुकाट्याने तो उघडून परत जोडला आणि माझ्या पुढ्यात चहा ठेवला.

त्याच दिवशी मालकीणबाई फिरत फिरत खोलीत आल्या. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, दोन काटे लावून बघितले, सगळ्यांची विचारपूस केली. मग माझ्या खोक्यापाशी थांबून त्यांनी बायकोला विचारलं, "आणि हे कसे आहेत कामाला?"

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने बघितलं, आणि बराच विचार करून म्हणाली, "स्वभावाने फार चांगले आहेत."

सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली, आणि त्या पंख्याची चौकशी करू लागल्या.